तोंडी परीक्षेआधीचा वानोळा

२८ नोव्हेंबर

अंताल,

आधी हे वाच: घरी कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला तसंच वाटलं असणार. काम शारीचं आहे.

तुझी मुलगी आठवीत आहे. पुढच्या वर्षी नववी, म्हणजे जिम्नॅशियम, पुढची चार वर्षं त्याच शाळेत. अर्ज फेब्रुवारीत भरायचा असतो आणि त्यावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. इल्दिको म्हणाली, "बाबा, मी त्याला विचारणार नाही." मी म्हटलं, "मीही नाही." मग आम्ही दोघं सूप प्यायलो, आणि आता मी लिहितो आहे. फेब्रुवारी लांब आहे हे मला कळतं. पण तुला उत्तर द्यायला किती वेळ लागेल ते मला कळत नाही.

तू बायको-मुलीला सोडून गेलास तेव्हा मी तुला सांगितलं होतं, इल्दिको या घरात आहे तोवर तू घरात पाय ठेवायचा नाहीस. ते मी मागे घेत नाही. सही करायला काही घरात यावं लागत नाही. तिथे ऑस्ट्रियात, ग्राझमध्ये, कौलं बसवता बसवता छपरावरूनही करता येते.

सही कशावर करायची ते तुला माहीत असावं म्हणून सगळं लिहितो. शारीचं गणित चांगलं आहे. तिच्या शाळेतले गुरुजी म्हणतात की तिला जास्तीच्या गणिताच्या तुकडीत घाला. अशा तुकड्या आपल्या आवाक्यात दोनच. एक गावच्या जिम्नॅशियममधली, आठवड्याला पाच तास गणित. दुसरी सेगेड शहरातली विशेष तुकडी, आठवड्याला आठ तास, आणि राहणं वसतिगृहात, कारण मधे बस बदलावी लागते आणि हिवाळ्यात दुसरी बस कधी येते ते देवालाच ठाऊक.

दोन्ही शाळांनी पालकांना एक दिवस वर्गात बसू दिलं. इल्दिकोची बेकरीत पाळी होती, म्हणून शारीबरोबर मी गेलो. मी सहावीनंतर वर्गात बसलेलो नाही, तरी मला दोन्हींतला फरक लगेच कळला. गावच्या शाळेत गुरुजींनी एका तासात अकरा गणितं केली. मी मोजली. मुलं मान खाली घालून लिहीत होती, रेडिएटर गरम होता. शारीने सगळी आधीच करून टाकली आणि वहीच्या समासात कोंबड्या काढत बसली.

सेगेडला एका तासात एक गणित. एकच! मुलं रांगेत बसलेली नव्हती, तर कोंडाळं करून बसली होती, आणि लिहिण्यापेक्षा बोलतच होती. एक मुलगा फळ्यावर चुकला, तर वेरेश नावाच्या बाई म्हणाल्या, "पुसू नकोस, ही चूक राहू दे, आपल्या कामाला येईल." आमच्या वेळी चूक पुसायचे आणि कानही लाल करायचे. शेवटी घंटा झाली तरी ते गणित सुटलं नव्हतं. मुलं तशीच बडबडत जिना उतरली. एवढा खर्च करून सरकार अर्धवट गणितं शिकवतं. मुली तर सगळ्या वर्गात चारच. वसतिगृह पाहिलं. जिना दगडी आहे, पाय घसरला तर डोकंच फुटायचं.

परत येताना शारी बोलत होती. दोन्ही बसमध्ये, थांब्यावर उभी असतानाही. मला काही कळलं नाही. गावच्या शाळेतून येताना ती काही बोलली नव्हती, पण ते अंतरच केवढं, चर्चपासून आपल्या कोपऱ्यापर्यंत.

मला विचारशील तर गावची तुकडी बरी. शिवाय गावच्या शाळेत लेखी परीक्षेवर घेतात. सेगेडवाले लेखीनंतर तोंडीही घेतात, तीन शिक्षकांसमोर उभं राहून गणित सांगायचं. आणि शारी परक्या माणसासमोर बोलत नाही. तोंडच उघडत नाही. लहानपणापासून अशीच आहे.

तुझा बाप,
देझो

१९ डिसेंबर

अंताल,

उत्तर आलं नाही. नाताळात टपाल तुंबतं, हे मी इल्दिकोलाही सांगितलं.

शारी आता दर पंधरा दिवसांनी शनिवारी सेगेडला जाते. ज्यांना विशेष तुकडीत यायचं आहे अशा मुलांना वेरेश बाई बोलावतात आणि त्यांच्याशी गणित खेळतात. दोनदा गेल्यावर शारी त्या बाईंशी बोलायला लागली. आपली शारी! बाई तिला म्हणाल्या, "घरी कोणाला तरी रोज एक गणित तोंडी सांगत जा. लिहून दाखवायचं नाही, सांगायचं." ते कोणीतरी म्हणजे मी.

परवा तिने मला उंदीर सांगितला. चीजचा एक मोठा चौकोनी ठोकळा आहे, सत्तावीस छोट्या तुकड्यांचा. उंदीर कोपऱ्यातून सुरू करतो, एक तुकडा खाल्ला की त्याला चिकटलेला पुढचा खातो, आणि त्याला सगळ्यात शेवटी मधला खायचा आहे. जमेल का? शारीने साखरेच्या वड्या रचून ठोकळा केला. अर्ध्या वड्या कॉफीत बुडवून काळ्या केल्या, एक काळी, शेजारी पांढरी, असं. म्हणाली, "आजोबा, उंदीर काळी खातो, मग पांढरी, मग काळी. कोपरा काळा आहे, म्हणजे सत्ताविसावीही काळीच येणार. पण मधली पांढरी आहे. म्हणून जमणारच नाही."

मी म्हटलं, "मग तो मधली सोडून का देत नाही? पोट भरलं की झालं."

"ते उंदराला विचारा," शारी म्हणाली, आणि इल्दिको हसून हसून खोकायला लागली. वड्या तिने मागून चहाला वापरल्या.

अर्जात शाळांचा क्रम लावायचा असतो. शारी सेगेड पहिलं लिहिणार, गाव दुसरं. मला याची काळजी वाटते. आपण दुसरं लिहिलं हे गावच्या मुख्याध्यापकांना कळलं तर त्यांना ते लागेल. शारी म्हणते शाळेला क्रम दिसत नाही. पण कागद जिथे जातो तिथे माणसं असतात, आणि माणसं बघतात.

डुक्कर चांगलं वाढलं आहे. खाटीक बालिंतने जानेवारीतला तिसरा शनिवार दिला आहे. त्याला कोणी आता दुसरी तारीख मागू नये, त्याच्याकडे निम्म्या गावाची डुकरं आहेत.

देझो

२३ जानेवारी

अंताल,

सोबत अर्ज ठेवला आहे. जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. फुली खोडू नकोस, मी खोडीन, तू कागद फाडशील.

तिसऱ्या शनिवारी काय होतं ते आम्हाला नाताळानंतर कळलं. त्याच दिवशी देशभर आठवीच्या मुलांची लेखी परीक्षा. मी बालिंतकडे गेलो. तो म्हणाला, "देझो काका, सरकारने परीक्षा ठरवली, मी डुक्कर ठरवलं. सरकारशी तुम्ही बोला." नंतरची तारीख मागितली तर मार्चमधली दिली, आणि मार्चमध्ये उष्म्याने मांस राहत नाही. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी.

पहाटे बालिंत आला. सगळ्यांना आलुबुखाराच्या दारूचा घोट दिला. शारीला नाही, तिला चहा. तिने आतडी धुवायला मदत केली, लसूण सोलला, मग इल्दिको तिला घेऊन परीक्षेला गेली. मी तिला म्हटलं, हात साबणाने तीनदा धू. परत आल्यावर म्हणाली, "आजोबा, माझ्या पेपराला लसणाचा वास येत होता. शेजारचा मुलगा सारखा माझ्याकडे बघत होता, त्याला भूक लागली होती." गणित चांगलं गेलं म्हणते. भाषेत एक उतारा कंटाळवाणा होता म्हणते.

मांस छान निघालं. तुझ्या आईच्या हिशेबानेच तिखट घातलं. वानोळा नेहमीसारखा सगळ्यांकडे गेला: शेजारच्या रोझीकडे, पाद्रीबुवांकडे, बालिंतच्या सासूकडे. आणि सोमवारी मी सेगेडला गेलो आणि वेरेश बाईंनाही वानोळा देऊन आलो. दोन ताजी सॉसेज, एक रक्ताचं, एक भाताचं, थोडे चरबीचे कुरकुरीत तुकडे. एवढं शिकवतात त्या शारीला, कसलंही न घेता. बाई तासावर होत्या, म्हणून दारावरच्या माणसाकडे ठेवलं. कोणाचं ते कळावं म्हणून वरच्या कागदावर शारीचं शाळेतलं पूर्ण नाव घालून ठळक लिहिलं: वेरेश बाईंना, शारोल्ताच्या घरून. ताट आपलं निळ्या काठाचं आहे, ते परत येईलच.

शारीला मी सांगितलेलं नाही. बाईंकडूनच कळलं तर तिला आनंद होईल.

देझो

२२ फेब्रुवारी

अंताल,

सही मिळाली. पाकिटात आणखी काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकूनही पाहिलं. असो. अर्ज वेळेत गेला.

आता जे लिहितो ते वाचून हसू नकोस.

तोंडी परीक्षेची तारीख कळवायला सेगेडहून फोन आला. बोलता बोलता वेरेश बाई इल्दिकोला म्हणाल्या की शारीची परीक्षा घेणाऱ्या तिघांत त्या स्वतः नसतील. इल्दिकोने कारण विचारलं. मग फोन ठेवून ती माझ्याकडे आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. शारी दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी सेगेडला गेलो. बाई दारापर्यंत खाली आल्या. हातात आपलं निळ्या काठाचं ताट, धुतलेलं.

"काका, सॉसेज घरी केलेलं?" त्यांनी विचारलं.

"घरीच. तिखट आमच्याच मिरच्यांचं."

"वास दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी कोणाचं कामात लक्ष नव्हतं."

मला वाटलं, झालं, सगळं ठीक आहे. मग त्या म्हणाल्या, "मी ते खाल्लं नाही. दारावरच्या गाबोरला घरी न्यायला सांगितलं. पण वर शारोल्ताचं नाव होतं आणि सगळ्यांनी ते वाचलं. मी मुख्याध्यापकांना कळवलं. तिच्या परीक्षेला मला बसता येणार नाही."

"बाई, हा वानोळा आहे. लाच कशी असेल? डुक्कर कापलं की देतात. पाद्रीबुवांनाही दिला."

"पाद्रीबुवा तिची परीक्षा घेणार आहेत का?"

मी हात पुढे करून ताट घेतलं.

"माझ्या आईकडेही डुक्कर कापायचे," बाई म्हणाल्या. "मला काय दिलंत ते मला कळतं, काका. पण मी तिथे बसले आणि ती पास झाली, तर त्या शाळेत ती पुढची चार वर्षं सॉसेजवाली मुलगी. ते तुम्हाला चालेल?"

मी ताट घेऊन परत आलो. दुसरी बस आली नाही, म्हणून बराच वेळ थांब्यावर ताट मांडीवर घेऊन बसलो होतो.

इल्दिकोने मला विचारलं, "बाबा, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

मी म्हटलं, "मुद्दाम करायला मला नियम माहीत असायला हवा होता."

"तुम्हाला ती इथेच हवी आहे."

मी गावच्या तुकडीची बाजू घेत आलो हे खरं आहे. तुलाही तसंच लिहिलं. पण सॉसेज भरताना माझ्या मनात असलं काही नव्हतं. रोज मी ते आठवून बघतो, आणि रोज तेच निघतं: मला वाटलं होतं की बाईंना आवडेल. तू तरी विश्वास ठेव.

शारी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला गणित सांगणं बंद केलं. मी शेंगांची टोपली घेऊन बसलो आणि म्हटलं, "सांग की आजचं." ती म्हणाली, "तुम्हाला सांगून काय उपयोग आजोबा? तुमच्यासमोर मी गप्प होतच नाही. वेरेश बाईंसमोरही झाले नसते. आता तीन परके आहेत. मला परक्या माणसासमोर बोलायचा सराव हवा."

तेव्हापासून मी विचार करतो आहे की परकं माणूस कुठून आणायचं. पाद्रीबुवांनी तिचा बाप्तिस्मा केला आहे. बालिंत तिला लाडाने शारीमाशी म्हणतो. रोझी ऐकत नाही, स्वतःच बोलते. मग मला तू आठवलास.

रागावू नकोस. चार वर्षांत तिने तुझा आवाज ऐकलेला नाही. तिला तुझ्यापेक्षा परकं माणूस या जगात कोण मिळणार? पहिल्या पत्रात मी लिहिलं की ती लहानपणापासून अबोल आहे. तसं नाही. तू गेलास त्याच्या पुढच्या महिन्यात तिच्या गुरुजींनी मला बोलावून सांगितलं की ही फळ्याजवळ गेली की दगड होते.

संध्याकाळी सातला फोन कर. ती एक गणित सांगेल, तू ऐकायचं. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. बाकी काही विचारायचं नाही, काही समजावायचं नाही. इल्दिकोला विचारलं आहे. ती म्हणाली, गणिताबद्दल असेल तर चालेल. आणि माझ्या त्या बोलण्याचं म्हणशील तर, फोन म्हणजे काही घर नाही.

परीक्षा १३ मार्चला आहे.

देझो

५ मार्च

अंताल,

सोमवारी सातला फोन वाजला तेव्हा मी आणि शारी दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग मीच म्हटलं, "उचल, परका आहे."

तुझं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण तिचं सांगतो. "हॅलो... हो... मीच." मग काहीच नाही. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं लाइन कटली. मग एकदम: "एक उंदीर आहे." तू काहीतरी विचारलं असणार. "नाही, पाळलेला नाही. गणितातला." त्यानंतर ती सुटली, पण भरभर, जणू मागे कोणी लागलं आहे. आणि शेवटी तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हळू. म्हणजे तू कळलं नाही म्हणालास. तेच हवं होतं. मला कधी कळलं नाही तरी मी मान हलवायचो, ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी तिने तुला चॉकलेटचं गणित सांगितलं. तिसऱ्या दिवशी काय ते मला कळलं नाही, पण ती उठून उभी राहिली आणि हवेत बोटाने रेघा काढत होती. फोनवर दिसत नाही हे तिच्या लक्षातही नव्हतं. इल्दिको पाळीवर जायच्या आधी कोट घालून दारात पाच मिनिटं उगाच उभी होती. बटणं लावत होती म्हणे.

काल शारी तुला म्हणाली, "थांब ना, मधे बोलू नकोस, चुकतोयस तू, पण ही चूक राहू दे." आणि हसली.

आता मला वेगळीच काळजी लागली आहे. तू परका राहिला नाहीस, तर या सरावाचा उपयोग काय? काल तिने तुला चक्क दटावलं. तीन शिक्षकांना ती असं दटावू शकणार नाही. तू जरा कडक हो. मधेच खोक, कागद वाजव. "हं" असं म्हण आणि मग गप्प बस. मोठे लोक तसंच करतात. पण फार नको, नाही तर ती घाबरेल. तुला जमेल तेवढंच कर.

तिचा राग माझ्यावरून उतरला की नाही ते कळत नाही. काल शेंगा सोलायला माझ्या शेजारी बसली. निम्म्या खाल्ल्या.

देझो

१५ मार्च

अंताल,

परवा संध्याकाळी तिने तुला सांगितलंच असेल, पण ती तिच्या बाजूने सांगते. मी बाहेरच्या बाकावर होतो, माझी बाजू वेगळी आहे.

आम्ही तिघंही गेलो. इल्दिकोने पाळी बदलून घेतली. बाकावर आणखी आई-बाप होते आणि सगळे आपापल्या मुलांच्या कॉलरी नीट करत होते. वेरेश बाई एकदा समोरून गेल्या. आमच्याकडे बघून फक्त मान हलवली आणि पुढे गेल्या, अगदी नियमात. शारी आत गेली आणि दार लागलं. आतून कसलाही आवाज येईना. इल्दिकोने माझा हात धरला. त्या सॉसेजनंतर पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, दगड झाली. माझ्यामुळे झाली.

मग तिचा आवाज आला. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, जसं आपण बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलतो.

बाहेर आल्यावर तिने आधी डबा उघडला, चरबी लावलेला पाव कांद्याबरोबर खाल्ला, मगच बोलली. आत दोन पुरुष आणि एक बाई होत्या. गणित असं: कुठल्याही खोलीत दोन माणसं असोत की दोनशे, त्यांतली दोन तरी अशी निघतातच ज्यांच्या त्या खोलीतल्या ओळखींचा आकडा सारखाच आहे. हे सिद्ध कर. तिला उत्तर दिसलं होतं, पण तोंड उघडेना. त्यांच्यातला एक खोकला. त्यावर तिला हसू आलं, कारण तू सगळा आठवडा खोटं खोटं खोकत होतास. मग तिने ठरवलं की हे तिघं फोनवर आहेत, ग्राझला आहेत, आणि लाइन खराब आहे.

एकाने विचारलं, "आणि खोलीत कोणालाच न ओळखणारा एखादा असला तर?"

ती म्हणाली, "मग सगळ्यांना ओळखणारा त्या खोलीत असूच शकत नाही. दोघांपैकी एकच राहू शकतो. म्हणून माणसांपेक्षा आकडे कमी पडतात, आणि कोणाला तरी दुसऱ्याचाच आकडा घ्यावा लागतो."

बसमध्ये मी तिला म्हटलं, "यात सिद्ध काय करायचं? आपल्या गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात."

"मग सगळ्यांचा आकडा सारखाच झाला ना आजोबा. सुटलं की गणित."

एवढ्या महिन्यांत मला कळलेलं हे पहिलं.

एक गोष्ट आणखी आहे आणि ती तुला सांगावी की नाही याचा काल दिवसभर विचार केला. तोंडी झाल्यावर पुढच्या आठवड्यापर्यंत अर्जातला क्रम बदलता येतो. काल शारी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजोबा, गावची शाळा पहिली टाकू का? आई रात्रपाळीला असते. तुम्ही एकटे."

अंताल, माझ्या तोंडात हो आलं होतं. गावच्या तुकडीचे सगळे फायदे मला पाठ आहेत, पाच तास, गरम रेडिएटर, चर्चपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर. मी म्हटलं, "गावच्या शाळेत एका तासात अकरा गणितं होतात."

"हो."

"अकराही संपल्यावर तू काय करतेस?"

तिने थोडा विचार केला. "कोंबड्या काढते."

"मग क्रम बदलायला पुन्हा तुझ्या बापाची सही लागेल," मी म्हटलं, "आणि टपालाचं काही खरं नाही."

तिने क्रम तसाच ठेवला. मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेलो आणि जरा जास्तच टाकले.

देझो

४ मे

अंताल,

लागला निकाल. सेगेडची विशेष तुकडी. इल्दिकोने बेकरीतून पिठाच्या हातानेच फोन केला, मी रोझीच्या कुंपणापाशी जाऊन ओरडलो, आणि पाद्रीबुवा म्हणाले की यंदाचा वानोळा उत्तम होता. मी त्यांना म्हटलं, त्या विषयावर बोलायचं नाही.

शारीने तुला आधीच कळवलं होतं हे मला नंतर कळलं. मला तिसऱ्या नंबरवर सांगितलं. चालेल.

मी पुन्हा एकदा वसतिगृह बघून आलो. दगडी जिन्याला कठडा आहे. गेल्या वेळी मी तो पाहिला नव्हता, किंवा पाहायचा नव्हता. वेरेश बाई भेटल्या. मी हात मोकळे दाखवले. त्या म्हणाल्या, "काका, चार वर्षांनी ती बाहेर पडेल तेव्हा आणा. दोन आणा." चार वर्षांनी मी असेन का, हे मी बोललो नाही. सॉसेज धुरावर ठेवलं तर बरंच टिकतं, एवढंच म्हणालो.

यंदाच्या पिलाची खरेदी झाली. डुकराची तारीख शारीच्या शाळेचा सुट्ट्यांचा तक्ता बघून ठरवणार आहे. बालिंतला आताच जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता सरकारशी मी बोलू?" बोल म्हटलं.

तेव्हा तू येऊ शकशील. घराबद्दल मी जे बोललो होतो ते बोललो होतो, पण मी इल्दिकोला विचारलं. ती तवा घासत होती, तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "डुक्कर अंगणात कापतात, बाबा. घरात नाही." अंगणाबद्दल मी तुला कधीच काही म्हटलेलं नव्हतं. तुझ्याबरोबर राहते त्या हानालाही विचार, तिला रक्ताचं सॉसेज चालतं का. चालत नसेल तर भाताचं जास्त करू. शारीकडून तिचं नाव कळलं.

आता एवढंच राहिलं. सप्टेंबरपासून शारी तुला तिकडूनच फोन करेल. सातला इल्दिको कामावर निघालेली असते. मी शेंगांची टोपली घेऊन बसलेला असतो आणि समोरची खुर्ची रिकामी असते. मला संध्याकाळी कोणाचं तरी ऐकायची सवय लागली आहे. समजलंच पाहिजे असं माझं काही नाही, तेवढा सराव झाला आहे. तू छपरांचं सांग. कौलं कशी बसवतात, तिथे पाऊस कुठून लागतो, काय वाटेल ते. कळलं नाही तर या वेळी मी मान हलवणार नाही, विचारीन.

गुडघ्यांमुळे फोनपर्यंत पोचायला मला वेळ लागतो. लगेच ठेवू नकोस.

देझो